सुपरहिरोंच्या विडंबन मालिकेचा पहिला भाग कसा उभा करावा : नाशिकमधील नवोदितांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेली, लघुपट केलेली किंवा केवळ मोबाइलवर छोट्या चित्रफिती करून हात बसलेली पुष्कळ तरुण मंडळी नाशिकमध्ये आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना सुपरहिरोंचे विडंबन करणारी विनोदी मालिका करायची आहे आणि पहिला भाग कुठून सुरू करावा हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सहा-सात जण, एक बरा मोबाइल, शर्टाला लावायचे दोन माइक आणि सुमारे २२ मिनिटांची गोष्ट एवढी तयारी येथे गृहीत धरली आहे. दूरचित्रवाणीवरील अर्ध्या तासात जाहिराती वगळता साधारण एवढाच वेळ उरतो, आणि नवख्या लेखकाला याहून मोठी गोष्ट सांभाळणे कठीण जाते.

असे काम आपल्याकडे होऊ शकते का, ही शंका मनात असेल तर ती आधीच काढून टाकावी. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावात शेख नासिर यांनी गावातल्या गावात, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला नायक करून सुपरमॅनचे विडंबन चित्रित केले होते. त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी केलेला ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ चा माहितीपट कामाला लागण्यापूर्वी सर्व चमूने एकत्र बसून पाहावा. पैशाच्या अभावी काय अडते आणि काय अडत नाही, हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही पुस्तकातून कळणार नाही.

आधी एक जुना पहिला भाग नीट पाहावा

१२ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘बॅटमॅन’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. त्यात रिडलर नावाचा खलनायक बॅटमॅनला कोड्यांच्या जाळ्यात ओढून आपल्याला बेकायदा अटक करायला लावतो आणि मग त्याच्यावर दहा लाख डॉलरचा दावा ठोकतो. पुढे बॅटमॅन एका नृत्यगृहात शिरतो. त्याचा साथीदार रॉबिन अजून वयात आलेला नसल्यामुळे नियम पाळून बाहेर गाडीतच थांबतो. आत मुखवटा, टोकदार कान आणि पायघोळ झूल अशा पूर्ण वेषात उभा असलेला बॅटमॅन, लोकांचे लक्ष वेधले जाऊ नये म्हणून पुढच्या टेबलावर न बसता कडेला उभे राहणे पसंत करतो आणि ताज्या संत्र्याचा रस मागवतो.

हा प्रसंग दोन-तीन वेळा थांबवून पाहावा. बॅटमॅन झालेले ॲडम वेस्ट एकदाही आपण गंमत करत आहोत असे दाखवत नाहीत. न्यायालयात उभा राहावा तितक्याच गांभीर्याने तो माणूस रस मागतो, आणि सगळे हसू त्या गांभीर्यातून येते. या संपूर्ण लेखात मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ इथे आहे : विडंबनातील नायकाने स्वतःच्या कामावर पूर्ण विश्वास ठेवला पाहिजे, आणि त्याच्या भोवतीचे शहर खरे असले पाहिजे. दोहोंपैकी एक जरी सुटले तरी उरतो तो केवळ वेष घालून केलेला धांगडधिंगा.

आणखी दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १९८१ च्या ‘द ग्रेटेस्ट अमेरिकन हिरो’ या मालिकेच्या पहिल्याच भागात एका शिक्षकाला परग्रहवासीयांकडून अद्भुत पोशाख मिळतो आणि तो वापरण्याची माहितीपुस्तिका तो हरवून बसतो. २००१ च्या ‘द टिक’मध्ये बसस्थानकाचे रक्षण करणाऱ्या नायकाला कंटाळून तिथले कर्मचारीच त्याला शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून देतात. दोन्ही ठिकाणी मालिकेचा पुढचा सगळा मार्ग एका साध्या घटनेतून खुला झाला आहे.

विडंबन कशाचे, हे लिहून काढावे

आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’मधील कविता वाचताना हसू येते, कारण ज्या कवितांचे ते विडंबन आहे त्यांची चाल आणि त्यांचा थाट वाचकाच्या कानात आधीपासून असतो. आपल्या प्रेक्षकाच्या मनात सुपरहिरोचा कोणता थाट आहे, याची यादी चमूने मिळून करावी. लपवलेली खरी ओळख, वेष बदलण्याची घाईची जागा, भारदस्त निवेदक, सर्व काही जाणणारा वडीलधारा, स्वतःची योजना नायकाला सविस्तर समजावून सांगणारा खलनायक, अगदी शेवटच्या क्षणी झालेली सुटका असे दहा-बारा संकेत सहज निघतील. १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ पाहत वाढलेल्या पिढीला तर गंगाधरचा चष्मा आणि नायकाची गिरकी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या यादीतून पहिल्या भागासाठी केवळ तीन संकेत निवडावेत आणि बाकीचे पुढील भागांसाठी राखून ठेवावेत. नवोदितांच्या संहितेत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पहिल्याच दहा मिनिटांत सगळी यादी संपवण्याची घाई.

येथेच कायद्याचाही विचार करावा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका आणि परीक्षण यांसाठी केलेल्या रास्त वापराला संरक्षण आहे, परंतु विडंबनाचा वेगळा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे एखाद्या प्रसिद्ध नायकाचे नाव, त्याच्या छातीवरचे चिन्ह, त्याची शीर्षकधून किंवा त्याचा हुबेहूब पोशाख वापरू नये. विडंबन सुपरहिरो या प्रकाराचे करावे आणि नायक स्वतः घडवावा. कायद्याची अडचण टळते हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा हा की नायक आपल्या गावाचा होतो.

शक्ती लहान असावी आणि गावाची असावी

पुढील सर्व पायऱ्यांसाठी मी एकच उदाहरण घेतो, म्हणजे मुद्दे हवेत राहणार नाहीत. आपला नायक सुभाष हा भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या दुकानात नोकरीला आहे. त्याची शक्ती अशी की गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडले की त्याचे गुडघे दुखू लागतात, आणि विसर्ग जितका जास्त तितकी कळ मोठी.

ही शक्ती का निवडली, ते पाहावे. नाशिककर पुराचा अंदाज रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून घेतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्यापर्यंत आले, यावर पावसाळ्यात घरोघरी बोलणे होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर अजून सर्वांच्या आठवणीत आहेत, आणि पाणी वाढले की सराफ बाजार व भांडी बाजारातील दुकानदारांची माल हलवण्याची धावपळ कशी होते, हेही सर्वांनी पाहिले आहे. म्हणजे या शक्तीला गावात खरी जागा आहे. तिची मर्यादाही तितकीच खरी आहे : किती क्युसेक पाणी सोडले, ही माहिती जलसंपदा विभाग आधीच जाहीर करतो आणि ती पाच मिनिटांत प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते. सुभाषला जे दुखून कळते, ते इतरांना वाचून कळते.

शक्ती ठरवताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ही शक्ती दुसऱ्या शहरात नेली तर तिचा अर्थ तसाच राहतो का? राहत असेल तर ती बदलावी. आणि या शक्तीमुळे नायकाला रोजच्या जगण्यात कोणता त्रास होतो? त्याचे उत्तर नसेल, तर नायकाला गोष्ट नाही.

एकच संकट, एकच रात्र

पहिल्या भागाचे कथानक एका दिवसाच्या पलीकडे जाऊ देऊ नये. आपल्या उदाहरणात खलनायक हा एक टेम्पोमालक आहे. धरणातून प्रचंड पाणी सोडल्याची खोटी बातमी तो पसरवतो आणि घाबरलेल्या दुकानदारांचा माल तिप्पट भाड्याने वाहून नेतो. जग जिंकण्याची भाषा करणाऱ्या खलनायकापेक्षा हा माणूस प्रेक्षकाला चटकन पटतो, कारण त्याचा हिशेब पटतो. सुभाषचे गुडघे मात्र शांत आहेत. पूर येणार नाही हे संपूर्ण बाजारात फक्त त्याला माहीत आहे, आणि ते सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग त्याच्याजवळ नाही.

गोष्टीचा कणा इथे तयार होतो : एरवी सुपरहिरो संकटाची सूचना देतो, तर आपला नायक काहीही होणार नाही असे ओरडत गल्लोगल्ली फिरतो. संकेत उलटा झाला, तरी नायकाचे गांभीर्य जसेच्या तसे राहिले. निर्मितीच्या दृष्टीने पाहिले तर या गोष्टीत पूर येतच नाही, त्यामुळे पाण्याचे एकही अवघड दृश्य चित्रित करावे लागत नाही. खर्चाची अडचण कथेतच सोडवणे, ही सवय नवोदितांनी पहिल्या भागापासून लावून घ्यावी.

संवाद लिहिताना प्रत्येक पात्राला आपल्या जागी शहाणे राहू द्यावे. दुकानाच्या मालकाला मूर्ख करून हसू मिळवू नये. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही माल हलवला असता. एक छोटा नमुना देतो.

शेठ : माल वर चढवायला घ्या रे सगळे. गंगेला पाणी सोडलंय.
सुभाष : शेठ, आज पाणी येणार नाही.
शेठ : कोणी सांगितलं तुला?
सुभाष : माझे गुडघे शांत आहेत.
शेठ : (गुडघ्यांकडे पाहत) डॉक्टरांकडे जाऊन आलास का?
सुभाष : आलो. ते म्हणाले, काहीच झालेलं नाही. तेच तर मी सांगतोय, शेठ.

यात कोणीही विनोद करत नाही. शेठला कामगाराची खरी काळजी आहे आणि सुभाषला बाजाराची. संहिता पूर्ण झाल्यावर ती घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. एका पानाला सुमारे एक मिनिट हा सर्वसाधारण ठोकताळा असला, तरी आपल्याकडे बोलण्याचा वेग माणसागणिक बदलतो, म्हणून घड्याळावरच विश्वास ठेवावा.

शेवटासाठी असे सुचवेन. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडले आहे, मारुतीचे पाय कोरडे आहेत, दुकानदार टेम्पोच्या भाड्यावरून कुरकुरत आहेत आणि रात्री माल चढवायला हात लावला नाही म्हणून शेठ सुभाषला बोलत आहेत. काही घडलेच नाही, त्यामुळे त्याचे आभार मानण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सुभाष पायरी उतरतो, थबकतो आणि गुडघा धरतो. तिथेच भाग संपवावा, म्हणजे दुसऱ्या भागाची मागणी प्रेक्षकच करेल.

पोशाख

पोशाख घरात तयार झालेला दिसावा आणि तो कोणी केला हे कथेत असावे. १९६७ च्या ‘कॅप्टन नाइस’ या अमेरिकी विनोदी मालिकेत नायकाचा पोशाख त्याच्या आईने शिवलेला होता, आणि त्या एका गोष्टीने घर व पराक्रम यांची गाठ पडली. सुभाषच्या छातीवर दुकानातील लहान तांब्याची ताटली शोभेल. ती शिवण्याऐवजी आतून कापडी पट्टा लावून बसवावी, कारण धातू उन्हात तापतो आणि कॅमेऱ्यात चमकतो. चमक घालवायची असेल तर ताटलीवर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवावा.

झुलीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. ती गळ्याशी गाठ मारून कधीही बांधू नये. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन इंचांचे वेल्क्रो शिवून घ्यावे, म्हणजे झूल कुठे अडकली तर ओढ बसताच सुटून येईल. झूल घालून दुचाकी चालवण्याचे दृश्य लिहूच नये. दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून होणारे अपघात आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. नायक स्कूटर थांबवतो, झूल काढून नीट घडी घालतो, डिकीत ठेवतो, हेल्मेट चढवतो आणि मग निघतो, हे दृश्य सुरक्षित तर आहेच, शिवाय वेगाने जाणाऱ्या कोणत्याही पाठलागापेक्षा त्याला जास्त हशा मिळेल.

भिंत चढण्याचे दृश्य

हे दृश्य मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण ते अत्यंत स्वस्तात होते आणि चमूचा आत्मविश्वास वाढवते. १९६६ च्या ‘बॅटमॅन’मध्ये नायक दोर धरून उंच इमारत चढताना दिसत असे. प्रत्यक्षात भिंत जमिनीवर आडवी असे, नट तिच्यावरून वाकून चालत, कॅमेरा नव्वद अंशांत वळवलेला असे आणि झुली मागे लोंबलेल्या दिसाव्यात म्हणून त्या तारांनी ओढून धरलेल्या असत.

आपल्याला गच्चीचा सपाट कोबा पुरेसा आहे. एखाद्या जुन्या वाड्याची भिंत वाटावी म्हणून आठ-दहा फूट लांबीच्या प्लायवर जुन्या विटांचा रंग द्यावा आणि मधोमध खिडकीची खरी लाकडी चौकट आडवी ठेवावी. नटाने दोन्ही हातांत दोर धरून, कमरेत वाकून आणि पाऊल पूर्ण टेकवून हळूहळू पुढे यावे. खऱ्या चढणीत प्रत्येक पावलाला जोर लागतो, म्हणून दोर धरलेल्या हातांवर ताण दिसला पाहिजे, आणि त्यासाठी दोराचे दुसरे टोक कोणीतरी खरोखर ओढून धरावे. झुलीच्या दोन टोकांना मासेमारीचा पारदर्शक दोरा बांधून ती नटाच्या पाठीमागे, म्हणजे चित्रात खाली येणाऱ्या दिशेला, ताणून धरावी. मोबाइल उभा ठेवून एका कडेला जमिनीलगत स्टँडवर लावावा आणि संकलनात चित्र नव्वद अंशांत फिरवावे, म्हणजे ते आडव्या पडद्यात नीट बसते. ऊन डोक्यावर असताना सावल्या चुकीच्या बाजूला पडतात, त्यामुळे हे दृश्य ढगाळ हवेत किंवा इमारतीच्या सावलीत घ्यावे.

आता खिडकी उघडते आणि आतून आजी डोकावतात. आजींनाही अर्थातच जमिनीवर आडवे पडावे लागते, तेव्हा त्यांचा अंबाडा आणि पदर पिनांनी घट्ट बसवावा. एक बट जरी भलत्या दिशेला घसरली तरी युक्ती उघडी पडते. आजी शांतपणे म्हणतात, “अरे बाळा, जिना आहे की रे इकडून.” सुभाष तितक्याच आदराने “नको आजी, पद्धत आहे तशी,” असे म्हणून वर सरकतो.

कॅमेऱ्याच्या मांडणीबाबत एवढेच पाळावे : आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदाला २५ चित्रे आणि १/५० शटर ठेवावे. मोबाइल मुळात ३० वर लावलेला असतो आणि त्यामुळे दुकानातील ट्यूबलाइट व एलईडी पाट्या पडद्यावर लुकलुकताना दिसतात.

जागा, परवानगी आणि एक गंभीर इशारा

गोदाघाट, बाजारपेठ किंवा महापालिकेचे उद्यान येथे चित्रीकरण करायचे असेल तर महापालिका आणि संबंधित पोलीस ठाणे यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जवळ ठेवावी. सिंहस्थाच्या तयारीमुळे घाट परिसरात कामे आणि गर्दी दोन्ही असणार, हे धरून तारखा ठरवाव्यात. पांडवलेणी हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असल्याने तिथे वेगळी परवानगी लागते. ड्रोनचा मोह टाळावा. देवळालीचे तोफखाना केंद्र, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना अशी संवेदनशील ठिकाणे या शहराभोवती आहेत, आणि आपल्या गोष्टीला आकाशातून दिसण्याची गरजही नाही. घाटावर लोक श्रद्धेने आणि कित्येकदा दुःखात येतात, तेव्हा वेषातील नटाने विधी चालू असलेल्या जागेपासून दूर राहावे आणि दुतोंड्या मारुतीचे दृश्य लांबून, एकट्या मूर्तीचे घ्यावे. देवाला विनोदाचा विषय करण्याचे काही कारण नाही. आपला विनोद सुभाषच्या एकटेपणाचा आहे.

इशारा असा. चित्रीकरणासाठी तयार केलेला पुराचा खोटा संदेश कोणत्याही खऱ्या गटावर पाठवू नये, चमूच्या गटावरसुद्धा नाही. धरणाचे नाव काल्पनिक ठेवून तो केवळ एक चित्र म्हणून फोनच्या पडद्यावर उघडावा आणि काम झाल्यावर पुसून टाकावा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नदीकाठच्या माणसाला अशा संदेशाची किंमत मोजावी लागते.

आवाज आणि निवेदक

रंगभूमीवरून आलेल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असते. माइक कॉलरला असताना समोरच्या माणसाशी बोलावे तेवढाच आवाज पुरे, हे तालमीतच सांगावे. प्रत्येक जागी कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता परिसराचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, तो संकलनात सांधे झाकायला उपयोगी पडतो. निवेदक ठेवायचा असेल तर ज्याचा आवाज आकाशवाणीच्या बातम्यांसारखा सरळ आणि भारदस्त आहे असा माणूस निवडावा आणि त्याला हसवण्याचा प्रयत्न करण्यापासून परावृत्त करावे. ‘बॅटमॅन’मध्ये हे काम स्वतः निर्माते विल्यम डोझियर करत असत.

संकलनात पार्श्वसंगीताने विनोद दाखवून देऊ नये. शेठ गुडघ्यांकडे पाहतात तेव्हा शांतताच हवी.

पहिली दाखवणी

भाग तयार झाल्यावर तो मित्रांच्या आधी अनोळखी दहा-बारा जणांना एकत्र बसवून दाखवावा, शक्य झाल्यास त्यात दोघे-तिघे बाजारात काम करणारे असावेत. चमूतील एकाने पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावे आणि कोणत्या मिनिटाला हशा आला, कोणत्या मिनिटाला कोणी मोबाइल काढला, एवढेच टिपावे. नंतर मत विचारताना “आवडले का” असे विचारू नये. “सुभाषला नक्की काय हवे होते” असे विचारावे. उत्तर एकसारखे आले तर संहिता जमली आहे. वेगवेगळे आले तर पहिली चार मिनिटे पुन्हा लिहावीत आणि तेवढाच भाग पुन्हा चित्रित करावा. नायकाची ओळख तिथेच होते आणि तिथेच ती बिघडलेली असते.